कोण पडलं? : शिराळा-कोल्हापूरचे चार दिवस

दर रविवारी रात्री नऊला आमच्या घरी गावाहून फोन यायचा. पलीकडे आप्पा, म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, थोरले भाऊ. अण्णांनी फोन उचलला की आप्पांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "कोण पडलं?" मग अर्धा तास कुस्ती. कुठल्या मैदानात कुणी कुणाला कोणत्या डावावर पाडलं, कोणत्या पोराला चांगला वस्ताद मिळाला तर ते नाव काढेल, सगळं. तब्येत, पाऊसपाणी, पैसाअडका हे विषय शेवटच्या मिनिटात उरकायचे.

अण्णा गेल्या भाद्रपदात गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि पुढच्याच रविवारी नऊला त्यांचा फोन वाजला. आईनं तो रोज चार्जिंगला लावून ठेवला होता. मी उचलला. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग आप्पा म्हणाले, "कोण पडलं गं?"

मला काहीच सांगता आलं नाही. पुढच्या रविवारच्या आत मी मोबाइलवर तीन मैदानं बघितली आणि नावं कागदावर लिहून ठेवली. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. आता घुटना डाव कोणता आणि घिस्सा कोणता हे मला पडद्यावर ओळखू येतं.

आई मात्र कधी फोनवर यायची नाही. आप्पा तिचे थोरले दीर. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्याशी समोरासमोर बोललेली मला आठवत नाही. आप्पा मला सांगायचे, "आईला इचार, गोळ्या घेतीया का." आई शेजारीच बसलेली असायची. ती मला सांगायची, "घेते म्हणावं." मी तेच पुढं पोचवायचे.

चैत्रात आप्पांनी सांगितलं, "जत्रेचं मैदान हाय. अण्णाची जागा रिकामी ऱ्हाईल. या."

पहिला दिवस : कराड, गोळेश्वर, गाव

आई, मी आणि धाकटा भाऊ पहाटे नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याहून निघालो. दहाच्या सुमाराला कराडच्या प्रीतिसंगमावर होतो. कृष्णा आणि कोयना इथं अगदी समोरासमोर येऊन मिळतात. सप्टेंबरात अण्णांच्या अस्थी आम्ही इथंच सोडल्या होत्या. तेव्हा पाणी गढूळ, फुगलेलं होतं आणि गुरुजी घाई करत होते. आता एप्रिलमध्ये काठाचे गोटे उघडे पडले होते, मुलं पोहत होती. आई पायरीवर बसून पाण्यात पाय सोडून राहिली. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळच्या झाडांखाली आम्ही डबा खाल्ला. फारसं कुणी बोललं नाही.

तिथून गोळेश्वर जेमतेम दोन-तीन किलोमीटर. खाशाबा जाधवांचं गाव. हे ठिकाण प्रवासात घालायचं हे मी ठरवलं होतं, कारण खाशाबांची गोष्ट अण्णांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की शाळेच्या पुस्तकात तो धडा नसला तरी आम्हाला पाठ होता. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडावं लागलं. कराडपासून गावापर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

अण्णा मात्र मिरवणुकीपाशी थांबत नसत. ते हरलेल्या कुस्तीवर यायचे. जपानच्या इशीई या मल्लाशी खाशाबांची कुस्ती लांबली आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. मध्ये विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो बोलून दाखवायला भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता, असं सांगतात. "पडणाऱ्याच्या बाजूनं एक माणूस उभा पायजे होता," अण्णा म्हणायचे. एवढं बोलून गप्प व्हायचे.

‘ऑलिंपिक निवास’ हे खाशाबांचं घर आम्ही बाहेरूनच बघितलं. रस्त्यात भेटलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कुठून आलात विचारलं. भावानं सांगितलं, "वडील कुस्तीशौकीन होते." त्यातला ‘होते’ त्यांनी बरोबर ऐकला. "मग चहा घेऊनच जावा," म्हणाले, आणि आम्हाला घरी घेऊन गेले.

*जाणाऱ्यांसाठी :* गोळेश्वरला कराड स्टँडवरून रिक्षा मिळते. तिथं लोक राहतात हे ध्यानात ठेवून सकाळी दहानंतर जावं आणि विचारूनच फोटो काढावा. प्रीतिसंगमावर दुपारी पायऱ्या तापतात, सकाळ किंवा संध्याकाळ बरी.

पेठ नाक्याला हमरस्ता सोडून शिराळ्याच्या बाजूला वळलो. आप्पा दारातच उभे होते. भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ऊन लागलं आसंल." मग माझ्याकडं बघून, "आईला म्हणावं, आत बसा."

यंदा घरात दुखवटा. जत्रा असून कढई चढली नव्हती, पुरण शिजलं नव्हतं. पण संध्याकाळी शेजारच्या चार घरांतून झाकलेली ताटं आली. कुणी काही बोललं नाही, ताट ठेवायचं, आईच्या खांद्याला हात लावायचा आणि निघायचं. एका ताटात पुरणपोळीवर तुपाची धार अजून ओली होती. काकूंनी ती आधी आईच्या पानात वाढली.

दुसरा दिवस : मैदान

सकाळ अशीच गेली. पालखी, गुलाल, भेटीगाठी. प्रत्येक माणूस अण्णांची एक कुस्ती सांगून जायचा. अण्णा सतराव्या वर्षापर्यंत गावच्या तालमीत होते, मग मुंबईला माथाडी म्हणून गेले आणि पुढची पस्तीस वर्षं पाठीवर पोती वाहिली. ‘तुझ्या बापानं अमक्याला ढाकेवर असा मारला होता’ हे मला दुपारपर्यंत पाच जणांनी सांगितलं. पाचही वेळा पडलेला माणूस वेगळा होता. मला सगळ्या खऱ्या वाटल्या.

आमच्या भागात कुस्तीचं वेड उगाच नाही. शिराळा तालुक्यातलं पुनवत हे हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांचं गाव. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण आणि रौप्य आणलं. त्याच स्पर्धेत सांगलीकडच्या कवठेपिरानच्या मारुती मानेंनीही एक सुवर्ण, एक रौप्य आणलं. आप्पा ही नावं घरातल्या माणसांची घ्यावीत तशी घेतात.

तीन वाजता निघायचं ठरलं. आईनं लुगड्याचा पदर नीट केला आणि म्हणाली, "मी पण येते."

काकू बघतच राहिल्या. आईनं आयुष्यात मैदान बघितलं नव्हतं. अण्णांना डबा बांधून द्यायचा, रात्री परत आल्यावर पाठीला तेल चोळायचं आणि चोळता चोळता सगळ्या कुस्त्या ऐकायच्या, इतकाच तिचा मैदानाशी संबंध. आप्पा चपला घालता घालता थांबले. मला म्हणाले, "आईला म्हणावं, शाळंच्या कट्ट्यावर बायकांची जागा हाय यंदा. सावली पण हाय."

मैदान म्हणजे ओढ्याकाठचं सपाट रान. मधे लाल मातीचा फड. काल रात्रीपासून पोरांनी ती माती फावड्यानं उकरून, ताक, लिंबू, हळद, तेल घालून मळली होती. जवळ गेल्यावर आंबूस, तेलकट वास येतो. अण्णा जत्रेहून परत आले की त्यांच्या सदऱ्याला हा वास असायचा. मी तिथं दोन मिनिटं नुसती उभी राहिले.

हलगी आणि घुमकं सुरू झालं, पाठोपाठ कैताळ. आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या, पाच-सहा वर्षांची पोरं. एकाची लंगोट सुटली तर पंचांनीच बांधून दिली. मग शंभराच्या, दोनशेच्या जोडी. निवेदकाचा आवाज पार ओढ्यापलीकडं जात होता. जिंकलेला मल्ल फेरी मारायचा आणि लोक हातात नोटा द्यायचे. आप्पा अण्णांच्या नेहमीच्या जागेवर, दक्षिणेकडच्या बांधावर बसले होते. शेजारची हातभर जागा त्यांनी उपरणं टाकून धरली होती. भाऊ आला तेव्हा त्यांनी ते उचलून खांद्यावर घेतलं.

अण्णांची एक सवय होती. जिंकलेल्याला सगळं गाव पैसे देतं, म्हणून ते पडलेल्याला द्यायचे. आधी दहाची नोट, अलीकडे पन्नासची. तो कपडे घालायला बाजूला जायचा, तिथं जाऊन त्याच्या मुठीत कोंबायचे. आप्पांना हे अजिबात पटायचं नाही. "पडल्याचं बक्षीस कसलं?" यावरून रविवारच्या फोनवर कितीदा तरी वाजलं आहे.

साडेपाचला पश्चिमेकडून काळं आभाळ आलं. आधी वारा, मग धूळ, मग वळीव. क्षणात सगळी धावपळ. पण पळणाऱ्यांतले निम्मे लोक बाहेर पळाले नाहीत, फडाकडं पळाले. ताडपत्री ओढली आणि ती उडू नये म्हणून वीस-पंचवीस मल्ल चारी बाजूंनी तिच्यावर बसले. उघड्या अंगावर गारा पडत होत्या आणि पोरं हसत होती. एक लहानगा रेवड्यांची पिशवी पोटाशी धरून मधोमध बसला होता. अर्ध्या तासात पाऊस गेला. ताडपत्री काढली तर मधली माती कोरडी, कडेचा चिखल. पोत्यांनी सुकी माती आली, हॅलोजन लागले आणि हलगी पुन्हा घुमली.

पहिलीच जोड मुलींची. दोघी सोळा-सतराच्या. कट्ट्यावरच्या बायका पुढं सरकल्या. सलामी झाली, खडाखडी झाली. उंच मुलीनं पट काढला, दुसरी खाली आली पण चितपट होईना, पोटावर घट्ट चिकटून राहिली. आणि माझ्या शेजारून आईचा आवाज आला, "आता घिस्सा वढणार बघ."

मी वळून बघितलं. आई पदराचं टोक दातात धरून पुढं वाकली होती. उंच मुलीनं खरोखरच घिस्सा ओढला. खालची फिरली, कमानीसारखी उचलली, आणि पंचांनी हात वर केला. आरोळी उठली. आई उभी राहिली. "न्हाई! उजवा खवा टेकलाच न्हाई!" खवा म्हणजे खांदा.

पंचांपर्यंत ते पोचणं शक्य नव्हतं. जिंकलेली फेरीला गेली. पडलेली मुलगी कट्ट्याच्या अंगाला पाण्याच्या टाकीपाशी आली. आई खाली उतरली. मी मागोमाग गेले. मुलीच्या भुवयांवर माती वाळायला लागली होती, डाव्या कानाच्या पाळीत रक्ताची बारीक रेघ होती आणि ती रडू येऊ नये म्हणून भराभर तोंडावर पाणी मारत होती. आईनं कनवटीला बांधलेली पन्नासची नोट सोडली. म्हणजे ती घरूनच तयारीनं आली होती. "घे गं. चांगली लढलीस. खवा वर होता तुझा, मी बघितलाय."

मुलीनं आधी नोटेकडं बघितलं, मग आईकडं. "खरंच वर होता ना काकू?" एवढंच विचारलं तिनं. आईनं मान हलवली. मुलगी वाकून पाया पडली, तेव्हा तिच्या ओल्या हातांची लाल बोटं आईच्या पायांवर उमटली.

एक नंबरची कुस्ती रात्री नऊला लागली आणि बरोबरीत सुटली. लोक नाराज झाले.

रात्री जेवताना ते घडलं. आप्पा भावाला म्हणाले, "पोरींची कुस्ती मातूर एकदम निकाली झाली." आई भाकरी वाढत होती. ती मला म्हणाली, "म्हणावं, निकाली न्हवती. खवा वर होता." आप्पा मला म्हणाले, "सांग आईला, मी बांधावर हुतो, समोरच." आई मला म्हणाली, "बांधावरनं डावा खवा दिसतो." आणि मग माझ्याकडं न बघताच, सरळ त्यांच्याकडं तोंड करून, "उजवी बाजू आमच्याकडं होती. तुमाला कसा दिसंल?"

आप्पांच्या हातातला घास तसाच राहिला. काकूंनी माझ्याकडं बघितलं. मग आप्पांनी घास खाल्ला, पाणी प्यायले आणि सरळ आईला म्हणाले, "घिस्स्यात मान आत गेल्यावर खवा वर ऱ्हाईल कसा? सांगा की."

आईनं सांगितलं. अकरा वाजेपर्यंत ते दोघं भांडत होते.

*मैदानाला जाणाऱ्यांसाठी :* गावजत्रांचा मोसम गुढीपाडव्यापासून वैशाखापर्यंत. बसायला सतरंजी किंवा पोतं, डोक्याला टोपी, पाणी, आणि वळिवासाठी प्लास्टिकचा एक तुकडा ठेवा. फडात चप्पल घालून पाऊल टाकू नये. दहा-वीस-पन्नासच्या सुट्या नोटा जवळ असाव्यात. लहान मुलं आणि नवी पोरं बघायची असतील तर तीनलाच पोचा, मोठ्या कुस्त्या अंधार पडल्यावरच लागतात. बायकांना बसायला जागा आहे का ते आदल्या दिवशी विचारा. आता बऱ्याच ठिकाणी असते.

तिसरा दिवस : कोल्हापूर

आप्पाही आमच्याबरोबर निघाले. मांगले-काखे पुलावरून वारणा ओलांडली, कोडोलीमार्गे वाठारला हमरस्ता धरला. पुढच्या सीटवर आप्पा, मागं आई, आणि खवा अजून वरच.

खासबाग मी पहिल्यांदा बघितलं. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, तिथं रोमचं कोलोसियम बघून आले आणि १९१२ मध्ये हे गोल मैदान उभं राहिलं. मधे हौदा, म्हणजे कुस्तीची माती, भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळं कुठंही बसलं तरी मल्ल दिसतो. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं, त्या आगीची झळ मैदानालाही लागली होती. आप्पांनी आम्हाला एका ठिकाणी नेऊन उभं केलं. तरुणपणी ते आणि अण्णा रात्रीच ट्रकनं येऊन पहाटेपासून इथं जागा धरून बसायचे. "हितं मी, हितं अण्णा. मधी भाकरीचं गठुडं." मग आईकडं वळून, "तुमच्याच हातच्या भाकरी."

"ठेचा कमी पडायचा म्हणं," आई म्हणाली.

"त्योच खायाचा सगळा!"

आई हसली. भाद्रपदानंतर मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

संध्याकाळी गंगावेश तालमीत गेलो. १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि पुढच्या वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणारे हरिश्चंद्र बिराजदार याच तालमीतले. त्यांनी बेळगावात पैलवान सतपालला पाडलं ती कुस्ती आप्पांनी आम्हाला उंबऱ्यावर उभं राहून, हात धरून, पावित्र्यासह दाखवली. आत पोरं हौद्यात जोर काढत होती. कोपऱ्यात एकजण कुंडीत बदाम घोटत होता, दांडा फिरायचा त्या लयीत त्याची मान हलायची. आम्ही बायका दाराशीच थांबलो तर एका वयस्कर माणसानं खुर्च्या आणून दिल्या आणि थंडाईचे पेले पुढं केले. मारुतीरायाच्या तसबिरीला आईनं तिथूनच हात जोडले.

भावाकडं मैदानाचा व्हिडिओ होता. आप्पांनी तो त्या माणसाला दाखवला, निवाडा करा म्हणाले. त्यांनी चष्मा लावून तीनदा बघितला. नेमक्या त्या क्षणी पंचांची पाठ मधे येते. "पंचांनी दिला त्यो निकाल," ते म्हणाले आणि फोन परत केला. आईचं समाधान झालं नाही. आप्पांचंही झालं नाही, कारण त्यांना आपण बरोबर असल्याचं ऐकायचं होतं.

रात्री खासबागेतली भेळ, मग रंकाळ्यावर एक चक्कर. आमचा दुखवटा म्हणून तांबडा-पांढरा यंदा नाही. पुढच्या वर्षी, असं आप्पाच म्हणाले.

*तालमीत जाताना :* पहाटे पाच ते सात किंवा संध्याकाळी चार ते सहा ही मेहनतीची वेळ. आधी वस्तादांना विचारावं, चपला बाहेर काढाव्यात, सराव चालू असताना मधे बोलू नये. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं कुणालाही विचारली तरी रस्ता सांगतात. रिकाम्या हातानं जाऊ नका, पावशेर बदाम नेले तर पोरांच्या कामी येतात.

चौथा दिवस : परत

सकाळी झणझणीत मिसळ खाऊन निघालो. आप्पांना पेठ नाक्यावर सोडलं, तिथून त्यांना शिराळ्याची एसटी होती. उतरल्यावर ते भावाच्या खिडकीशी आले, मग वळसा घालून मागच्या खिडकीशी आले. आईला म्हणाले, "गोळ्या येळच्या येळी घ्या."

"घेते," आई म्हणाली.

घरी पोचल्यावर धुणं काढताना तिच्या लुगड्याच्या काठाला लाल माती लागलेली दिसली. तिनं ती चांगली दोन पाण्यांत धुतली. माती निघाली, फिकट डाग राहिला.

रविवारी नऊला फोन वाजला. मी दोन मैदानांचे निकाल तयार ठेवले होते. आप्पा म्हणाले, "आईकडं दे."

आईनं आधी डोक्यावरून पदर घेतला, मग फोन कानाला लावला आणि गॅलरीत गेली. दार लोटायच्या आधी तिचा आवाज आला, "न्हाई, न्हाई. पंच सरकायच्या आधीचं बघा. तिथं थांबवा."